औषधाचं भात

'भात' या एका शब्दापायी माझा संसार मोडता मोडता राहिला. लोक हे ऐकतात आणि हसतात. हसोत बापडे. ज्यांचा मोडायला आला नाही त्यांना हसायला काय जातंय!

मी पुण्याची. पुण्यात भात म्हणजे ताटातला, वाफ निघणारा. लग्न होऊन कुसगावात आले तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की मावळात शेतात उभं असतं तेही भात, खळ्यावर झोडतात तेही भात आणि कणगीत भरून ठेवतात तेही भातच. तूस काढलं की त्याचे तांदूळ होतात आणि शिजवले की पुन्हा भात. फरक एवढाच, की ताटातला 'तो' भात आणि कणगीतलं 'ते' भात. चौथीपर्यंत शाळेत मी लिंग-वचन घोकलेलं होतं. कोणी नुसतं 'तो' किंवा 'ते' म्हटलं असतं तरी मी चुकले नसते. पण माझ्या सासूबाई म्हणाल्या, "भाताची पुरचुंडी कर." आता 'भाताची' या शब्दात तो आहे की ते आहे, कसं ओळखायचं? शाळेतल्या मास्तरांनाही आलं नसतं.

घाटातून विजेची गाडी धावायला लागून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. माझे वडील पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मी नऊ वर्षांची असताना आई गेली. दुसरी आली, तिला तीन मुलं झाली आणि एका खोलीत आम्ही सहा जण. मावळातलं स्थळ सांगून आलं तेव्हा होकार द्यायला वडिलांनी चहा निवेपर्यंतसुद्धा वेळ घेतला नाही. निघताना नव्या आईनं ओटी भरली आणि कानात सांगितलं, "आता तेच तुझं घर. इथं जागा नाही, बघतेसच तू." वाईट नव्हती ती, खरं तेच बोलली. मला परत जायला घर नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

आमचे हे लोणावळ्याला रेल्वेत खलाशी होते. झुंजूमुंजू असताना भाकरी बांधून निघायचे ते दिवेलागणीला परत. मागं घरात आम्ही तिघं. सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणायची. सासूबाई, ज्यांना तिकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणायचं. आणि मी, पंधरा वर्षांची, डोक्यावरचा पदर सावरण्यातच निम्मा दिवस घालवणारी. मामंजींशी मी समोरासमोर बोलत नव्हते. तेव्हा सून सासऱ्याशी बोलायची ती दाराला सांगून. 'पाणी काढलंय म्हणावं,' असं दाराकडं बघून म्हणायचं, आणि दारानं ते त्यांना पोचवायचं.

आत्याबाई बुटक्या, अंगानं शेलाट्या आणि जिभेनं तिखट. पण गुडघे मात्र दुसऱ्याच कुणाचे आणून बसवल्यासारखे मोठे, सुजलेले. चाळीस पावसाळे चिखलात ओणवं राहून भाताची रोपं लावली, त्याचा तो प्रसाद. माघातल्या थंडीत त्यांना घराचा उंबरा ओलांडायला दाराची चौकट धरावी लागायची, आणि ओलांडताना त्या उंबऱ्याला शिव्या घालायच्या. "मुडदा बशिवला तुजा, रोज एक बोट उंच व्हतोय मेला." उंबरा काय बोलणार!

मी येऊन पाच-सहा दिवस झाले असतील. संध्याकाळी त्या चुलीजवळ पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, जरा भाताची पुरचुंडी करून आन गरमागरम. गुडघं शेकू दे."

पुण्यात गळवावर पोटीस बांधतात ते मी पाहिलं होतं. मनात म्हटलं, मावळातलं पोटीस भाताचं असेल, इथं पिकतोच तो. चांगला मऊसूत भात शिजवला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला आणि नेऊन त्यांच्या उजव्या गुडघ्यावर दाबला. पेज गळत गळत पार घोट्यापर्यंत गेली. आत्याबाईंनी जी किंकाळी फोडली ती ऐकून शेजारच्या तिघी-चौघी धावत आल्या. त्यांनी पुरचुंडी पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं आणि हसता हसता एकीनं भिंत धरली. आत्याबाईंनी गुडघ्यावरची शितं निपटून काढली, एक तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "मीठ न्हाई घातलंस?"

झालं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर माझं नाव 'शिजल्या भाताची' पडलं होतं. लहान पोरंसुद्धा मला बघून एकमेकांना कोपरानं ढोसायची. मला थट्टा सोसत नाही, आजही सोसत नाही. आठ दिवस मी मान वर केली नाही. आत्याबाईंनी काही विचारलं की 'होय' किंवा 'नाही', त्यापलीकडं शब्द नाही. त्यांनी समजावून सांगितलं होतं, नाही असं नाही. "आगं, भात म्हंजी तुसाचं. त्ये कोपऱ्यात हाय बघ. खापरावर तापवायचं, तडतडाय लागलं की उतरवायचं." मी मुंडी हलवली. पण कोपऱ्यात गेले तर तिथं भात दोन ठिकाणी होतं.

एक होतं डालग्यात. कांडायला काढलेलं, धुळीचं, काडीकचऱ्याचं, त्यात उंदराच्या लेंड्या. दुसरं होतं एका मडक्यात. मडकं चुंबळीवर नीट बसवलेलं, तोंडाला फडकं बांधलेलं. फडकं सोडलं तर वर राख आणि राखेखाली कडुलिंबाचा वाळका पाला. पाला बघितला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कडुलिंब! म्हणजे हेच ते औषधाचं भात. शेकासाठी निराळं राखून ठेवलेलं. कांडायचं भात कोण औषधाला वापरील? आत्याबाईंना एक शब्द विचारला असता तर भागलं असतं. पण पुन्हा विचारायचं आणि पुन्हा हसून घ्यायचं? माझी बला विचारते!

ते बियाणं होतं. आंबेमोहराचं. आत्याबाईंनी लग्नात माहेराहून पदरात बांधून आणलेलं, आणि दर वर्षी पिकातून दोन पायल्या राखून चाळीस वर्षं जिवंत ठेवलेलं. आमची बाकीची खाचरं जाड्या भाताची, ती पोटापुरती. ओढ्याजवळचं एकच खाचर आंबेमोहराचं. ते तांदूळ लोणावळ्याच्या बंगल्यांत जायचे आणि त्यांच्या जिवावर वर्षाची लुगडी, धोतरं, मीठ, गोडंतेल घरात यायचं. राख आणि लिंबाचा पाला किडीसाठी घातलेला होता. हे सगळं मला कळलं, पण पुढं पावसाळ्याच्या तोंडाला.

तोवर मी ते बियाणं माघापासून चैत्रापर्यंत भाजलं. थोडं थोडं करून, आणि अगदी जीव लावून.

कारण पुरचुंडी करणं मला फार आवडायला लागलं. शिवणटिपण माझ्या हातात होतंच. पहिली नुसती गाठ मारलेली होती, तीत भात एका बाजूला गोळा व्हायचं आणि तूस कापडातून टोचायचं. मग मी कापड बदलत गेले. ह्यांच्या जुन्या खाकीची करून बघितली, तर ऊब बाहेर यायलाच तयार नाही. नवं मांजरपाट करकरीत, अंगाला लागायचं. शेवटी विरलेलं लुगडंच खरं ठरलं. जितकं जास्त धुतलेलं, तितकं चांगलं. त्याचा दुपदरी पट्टा केला, वीतभर रुंद आणि दीड हात लांब, आणि गोधडीला घालतात तसे उभे टाके घालून त्याचे पाच कप्पे पाडले. प्रत्येक कप्प्यात दोन मुठी भात आणि चिमूटभर ओवा. कप्पा गच्च भरायचा नाही, थोडा पोकळ ठेवायचा, म्हणजे पट्टा गुडघ्याभोवती वळतो. दोन्ही टोकांना बंद लावले. भात खापरावर तापवताना हात थांबवायचा नाही, लाकडी उलथन्यानं वरखाली करत राहायचं. पहिला दाणा तडकला की खापर खाली. आणखी क्षणभर ठेवलं तर लाह्या होतात आणि शेकाची गंमत जाते. भरून झालं की पट्टा आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. आपल्याला सोसवलं तर दुसऱ्याला लावायचा. पहिल्या वेळी मनगटावर बघितलं नव्हतं, म्हणून तर पेज घोट्यापर्यंत गेली.

रोज दिवेलागणीला मी त्यांच्यापुढं बसायची. एक गुडघा झाला की दुसरा. आधी त्या 'आई गं, आई गं' म्हणायच्या, मग हळूहळू त्यांचं तोंड बंद व्हायचं, डोळे मिटायचे आणि खांदे खाली यायचे. एवढी तिखट बाई अशी गप्प बसलेली मी दुसऱ्या कुठल्या वेळी पाहिली नाही. बोलायचं नसलं तरी चालायचं, म्हणून मलाही ती वेळ आवडायची. फाल्गुनापर्यंत त्या चौकट न धरता उंबरा ओलांडायला लागल्या. शिव्या मात्र सवयीनं घालायच्याच.

दोन-तीन दिवस तापवलं की भात काळपट पडायचं. मग मी मडक्यातून नवं घ्यायची आणि जुनं परत मडक्यात ओतायची. अन्न टाकायचं नसतं, आणि औषध तर मुळीच टाकायचं नसतं. वर पुन्हा पाला घालून, राख पसरून फडकं बांधायची. आत्याबाई बांधायच्या तशीच गाठ. माझी ही टापटीपच मला भोवली.

रोहिण्या निघाल्या तेव्हा मामंजींनी मडकं उचललं. राब आधीच भाजून ठेवले होते. रोपासाठी जमिनीच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. त्या काळ्या राखेत त्यांनी बी फेकलं. आंबेमोहर भाजलं की त्याचा रंग बदलतो, पण संध्याकाळच्या उजेडात त्यांना तो दिसला नसेल. आणि वासाचं म्हणाल तर जन्मभर तपकीर ओढून त्यांचं नाक कधीच कामातून गेलं होतं.

पाऊस झाला. आठ दिवसांत जाड्या भाताचा राब पोपटी झाला. आंबेमोहराचा काळाच राहिला. मामंजींनी दोष आधी चिमण्यांवर ढकलला, मग मुंग्यांवर, मग कोणाची तरी दृष्ट लागली असं ठरवून राबाच्या कडेला फुटकं मडकं उपडं घातलं. बारा दिवस झाले. तेराव्या दिवशी त्यांनी मातीत बोटं घातली, चार दाणे उकरून काढले आणि एक दाताखाली धरला.

मी गोठ्यात शेण काढत होते. ते मूठ आवळून अंगणात आले आणि ओट्यावर बसलेल्या आत्याबाईंपुढं मूठ उघडली.

"ह्ये बघ. भाजल्यालं हाय. माज्या घरातलं बी कुनी भाजलं?"

त्यांनी मूठ आणखी पुढं केली.

"कुनी भाजलं? चाळीस वर्सांचं बी! ज्यानं ह्यो उद्योग केला त्याला आजपासनं ह्या घरात ठाव न्हाई. आत्ताच्या आत्ता बोचकं उचलायचं आनि चालाय लागायचं."

माझ्या हातातलं शेण गळून पडलं. मडकं, राख, पाला, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. बोचकं उचलून कुठं जायचं? पुण्याच्या त्या खोलीत झोपताना पाय लांब करायलाही जागा नव्हती. मी गोठ्याच्या मेढीला धरून उभी राहिले. आत्याबाईंनी एकदाच मान वळवून माझ्याकडं पाहिलं. एकदाच.

"म्याच," त्या म्हणाल्या.

"तू?"

"व्हय. थंडीत गुडघं लय दुकत व्हतं. हाताला आलं त्ये भाजलं."

"चाळीस वर्सं ज्ये मडकं सोता बांधतीस त्ये तुला वळखू आलं न्हाई?"

"न्हाई आलं. म्हातारी झाले."

मामंजींची पंचाईत झाली. बी तिच्या माहेरचं, घर तिनं उभं केलेलं. तिला कुठं घालवणार? त्यांनी मुठीतले दाणे अंगणात भिरकावले आणि निघून गेले. त्या क्षणापासून ते आत्याबाईंशी बोलेनासे झाले. आणि मी? मी पुन्हा शेण गोळा करायला वाकले. लाज वाटते सांगायला, पण मला आधी सुटल्यासारखं वाटलं. वाईट नंतर वाटलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी ठरवलं, की भावाकडं जाऊन आंबेमोहराची रोपं मागून आणायची. त्यांचं माहेर खिंडीच्या पलीकडं पवन मावळात, तीन-चार कोसांवर. लाल चिखल, वर पाऊस आणि त्यांचे ते गुडघे. मी म्हटलं, मी येते. मामंजी कोणालाच काही म्हणाले नाहीत. डोक्यावर इरली घेऊन आम्ही निघालो. इरल्याखाली मी पट्टा घेतला होता, आणि यावेळी त्यात डालग्यातलं जाडं भात भरलेलं होतं.

खिंडीच्या अलीकडं त्यांचा उजवा गुडघा अडला. पाय उचलेना. जवळच ठाकरांच्या चार-पाच झोपड्या होत्या. पहिल्या झोपडीतल्या म्हातारीनं आम्हाला न विचारताच आत घेतलं. आम्ही कोण, कुठल्या, कशाला निघालो, काही नाही. गुडघा पाहिला आणि म्हणाली, "ह्या पायानं खिंड चढाया निगालीस व्हय? बस हितं." तिनं माझ्या हातातला पट्टा घेतला, उलटसुलट करून टाके बघितले आणि मला म्हणाली, "तू केलास? ब्येस केलास." मग तिनं निर्गुडीचा पाला खापरावर परतून एका कप्प्यात कोंबला आणि पट्टा चुलीच्या उबेला धरून तापवून दिला. घटकाभरानं पाय चालता झाला. त्या माऊलीला पुन्हा भेटायचं राहून गेलं. पण तेव्हापासून निर्गुडी नसलेला शेक मी कोणाला दिला नाही.

माहेरी भावानं विचारलं, "आक्का, बियान्याला काय झालं?"

"उंदीर लागला," आत्याबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघता, "पुन्याकडचा व्हता. लय हुशार."

भाऊ हसला, त्याला त्यातलं काही कळलं नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांच्याकडं रोपं विकत नाहीत. आपली लावून उरलेली मागणाऱ्याला द्यायची, आणि देताना मोजायचीही नाहीत, अशी रीत. त्यांची स्वतःची लावणी व्हायची होती, तरी भावानं एका खाचरापुरती रोपं आधी आमच्यासाठी उपटली. तिसऱ्या दिवशी त्याचे दोन मुलगे पाट्या डोक्यावर घेऊन आमच्याबरोबर खिंड उतरले.

दुसऱ्याच दिवशी आवणी धरली. चिखलात उभं राहून रोपं लावायची मला ती पहिलीच वेळ. दर चार रोपांनंतर पाचवं आडवं पडायचं. आत्याबाईंना त्या वर्षी चिखलात उतरवेना, त्या बांधावर बसून रोपांच्या मुठी सोडवून हातात देत होत्या. मला दिली की मी घ्यायची. ह्यांनी सुटी घेतली होती, हेही घ्यायचे. मामंजी मात्र त्यांच्या हातची मूठ घेत नव्हते. त्या पुढं करायच्या, आणि मामंजी शेजारच्या पाटीतून दुसरी उचलायचे. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा आत्याबाईंनी पुढं केलेला हात तसाच मागं घेतला आणि पदरानं उगाच तोंड पुसलं.

ते मला बघवेना. बोचकं तर बोचकं, म्हटलं. पुण्याची खोली काही मला खाणार नव्हती.

"मामंजी," मी म्हटलं.

त्यांनी मागं वळून पाहिलं, कोण बोललं ते बघायला. माझा आवाज त्यांनी असा समोरून कधी ऐकलाच नव्हता. पदर घसरला होता, पण दोन्ही हात चिखलात, सावरणार कशानं?

"बी मी भाजलं. आत्याबाईंनी नाही. रोज भाजलं आणि परत मडक्यात ओतलं. मडक्यात लिंबाचा पाला होता. मला वाटलं, औषधाचं भात आहे."

हे ओणवे होते तसेच राहिले. पावसाची बारीक झिमझिम चालू होती. मामंजी माझ्याकडं बघत होते, आणि मी त्यांच्या पायांकडं.

"पुन्यात लिंबाचा पाला औशदात घालत्यात?" त्यांनी विचारलं.

"होय."

त्यांनी चिखलाचा हात धोतराला पुसला, कनवटीची डबी काढून तपकीर ओढली, दोनदा शिंकले. मग ते बांधाकडं वळले.

"ऐकलंस का," ते आत्याबाईंना म्हणाले. चार-पाच दिवस झाले होते त्यांना त्या बाईला हाक मारून. "रोप दे हिकडं."

आणि आत्याबाईंच्या हातातून मूठ घेतली. मला काही म्हणाले नाहीत, ना त्या दिवशी, ना नंतर कधी. फक्त त्यानंतर 'सूनबाई, पाणी दे' असं सरळ मला म्हणायला लागले, दाराला सांगायचं थांबलं.

आत्याबाई मात्र चिडल्या. संध्याकाळी मी पट्टा तापवून त्यांच्यापुढं बसले तर पाय पुढं करेनात.

"तुला कुनी सांगितलं व्हतं त्वांड उघडाय? त्यांनी हाकलली असती म्हंजी?"

"तुमच्याशी बोलत नव्हते ते."

"न्हाई बोललं तर काय, घरात शांतता तरी व्हती." मग थोड्या वेळानं पाय पुढं केला. मी पट्टा बांधला. बांधता बांधता इतके दिवस मनात राहिलेलं विचारलं. "आत्याबाई, मी भाजलं हे तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच दिशी."

माझा हात थांबला.

"आगं, आंबेमोहर तापलं की घर घमघमतं. म्या त्ये पदरात बांधून आनल्यालं. माजा मला वास यायचा न्हाई?"

मला तो वास औषधाचा वाटला होता. "मग बोलला का नाही?"

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "बोलनारच व्हते. पर त्या शिजल्या भातापासनं तू आठ दिस माज्याकडं वर बघितलं न्हवतं. म्हनलं, आता बोलले तर ही पोरगी पुन्यांदा माज्या गुडघ्याला हात लावायची न्हाई." त्यांनी पट्ट्याचा बंद उगाच चाचपला. "ह्या घरात समद्यांला शेकलं म्या. सासूला, सासऱ्याला, तुज्या मामंजीला, पोरांला. चाळीस वर्सांत माजा गुडघा कुनी हातात धरला न्हवता. तू धरलास. त्यो शेक लय ग्वाड लागला मला. म्हनलं, शेरभर भात जाईल, जाऊ दे. तू परत मडक्यात वततीस ह्ये मला काय ठावं? येवडी शानी असशील असं वाटलं न्हवतं."

मी सुटलेला बंद पुन्हा हातात घेतला.

"म्हनून म्हनलं, म्याच," त्या म्हणाल्या. "खोटं न्हवतं त्ये. बांध आता घट, गार व्हतंय."

आई गेल्यापासून मी कोणापुढं रडले नव्हते. त्या संध्याकाळी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडले, आणि त्यांनी ते डोकं तिथंच राहू दिलं. मला आयुष्यात पुष्कळ माणसांनी पुष्कळ दिलं. पण स्वतःचं माहेर भाजू देऊन माझ्या हातचा शेक ठेवून घेणारी ती एकटीच.

त्यानंतर त्या नऊ हिवाळे जगल्या. एकाही हिवाळ्यात मी त्यांचे गुडघे गार राहू दिले नाहीत.